विषय : कर्जमुक्ती योजना मागविणेबाबत

"आजपासून या घरात 'कर्ज' हा शब्द उच्चारला जाणार नाही! या घरातला प्रत्येक पैसा आता स्वतंत्र आहे!"

ही घोषणा तक्तेसाहेबांनी एका रविवारी सकाळी नऊ वाजता, आपल्या दिवाणखान्यात, सोफ्यावर उभं राहून केली. घोषणा ऐतिहासिक होती यात वाद नाही. अडचण एवढीच, की तीन बैठकांच्या त्या सोफ्याच्या अठरा हप्त्यांपैकी तीनच भरून झाले होते. म्हणजे हिशेबाने पाहिलं तर सोफ्यातली फक्त अर्धी बैठक साहेबांच्या मालकीची होती आणि भाषणाच्या भरात त्यांचे दोन्ही पाय परक्या मुलखात गेले होते. शिवाय ते सोफ्यावर चढले होते ते देशाला उद्देशून बोलायला नव्हे, तर बंद पडलेली ट्यूब काढायला.

"आधी ट्यूब काढा," खाली नवी ट्यूब धरून उभ्या असलेल्या वहिनी म्हणाल्या. "पैशाला नंतर स्वातंत्र्य द्या."

साहेबांचं आडनाव तक्ते नव्हतं. खरं आडनाव काय होतं ते पगारपत्रक सोडलं तर आता कुणाच्याच लक्षात नाही. एका महामंडळाच्या खरेदी शाखेत त्यांनी सत्तावीस वर्षं काढली आणि त्या सत्तावीस वर्षांत एकही वस्तू तीन दरपत्रकं मागवून, तुलनात्मक तक्ता आखल्याशिवाय आत येऊ दिली नाही. एकदा शाखेला झाडू हवा होता. तीन दरपत्रकं आली. एकावर 'दांडा वेगळा' असा शेरा निघाला, म्हणून दांड्यासाठी पुन्हा तीन मागवली. सात महिन्यांनी झाडू आला, तोवर शाखा दुसऱ्या इमारतीत गेली होती. पण तक्ता? तक्त्यात काना-मात्रेची चूक नव्हती. हिशेबतपासनीस आले, त्यांनी तक्ता उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि नमस्कार करून गेले.

आता कुणी विचारेल, इतका काटेकोर माणूस कर्जात बुडाला कसा? तर तो बुडाला नाही. तो रीतसर, पायरी पायरीने उतरला. सोफा घेताना तीन दुकानांचे दर काढले आणि सगळ्यांत स्वस्त सोफा घेतला. सोफा हवा आहे का, हा रकाना तक्त्यात नव्हता. फ्रिजचं तसंच. घर रंगवायला ऑफिसच्या पतपेढीतून कर्ज काढलं, तिचा दर सर्वांत कमी होता. पुढे क्रेडिट कार्डाचं देणं साचलं, तेव्हा तीन बँकांची पत्रकं मागवून, सर्वांत कमी वार्षिक शुल्काचं दुसरं कार्ड घेतलं आणि त्याने पहिल्याचं देणं भरलं. तक्ता निर्दोष होता.

अशी पाच कर्जं. म्हणजे वहिनींना ठाऊक असलेली पाच. सहावं कपाटावर, खोक्यात होतं.

ते सहावं म्हणजे दुर्बीण. वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत कड्यावाल्या ग्रहावर एक लेख आला होता, तो वाचून साहेबांना एकाएकी वाटलं, की आयुष्यभर आपण फक्त झाडूच पाहिले. तीन दुकानांचे दर काढून त्यांनी चोवीस हप्त्यांवर दुर्बीण आणली आणि घरी सांगितलं, "कार्यालयाची आहे. जपून ठेवायला दिलीय."

"महामंडळाला दुर्बीण कशाला लागते?" वहिनींनी विचारलं.

"ते गोपनीय आहे."

दुर्बीण गॅलरीत लावली तर समोरच्या इमारतीमुळे आकाश दिसायला जागाच नव्हती. इमारतीच्या कडेला जी फट उरली होती तिच्यातून एकच गोष्ट लख्ख दिसे, ती म्हणजे कोपऱ्यावरची बँक. बँक पहिल्या मजल्यावर, पुढे सगळी काच. रांगेतला माणूस हातातल्या स्लिपवर आकडा चुकला की साहेबांना त्याच्या आधी कळे. अंतराळाच्या नावाखाली शेवटी बँकच पाहायला मिळाली, तेव्हा साहेबांचं मन विटलं आणि दुर्बीण कपाटावर गेली.

तर अशी पाच अधिक एक. तरीही गाडी रखडत चालली असती. पण शनिवारी एकाच टपालात दोन पत्रं आली. एक कार्डवाल्यांचं, त्यात आकडा तांबड्या शाईत होता. दुसरं कोपऱ्यावरच्या बँकेचं : 'आपली संयुक्त मुदत ठेव येत्या तीस तारखेस परिपक्व होत आहे.'

ही ठेव वहिनींच्या गुडघ्याची होती. बारा वर्षं लोकांचे कपडे शिवून त्यांनी एक लाख ऐंशी हजार जमवले होते. उजवा गुडघा आता जिना चढताना दाराच्या जुन्या बिजागरीसारखा करकरायचा. डॉक्टरांनी पुढच्या महिन्याची बारा तारीख दिली होती. तारीख मिळाली, ठेव पिकतेय, सगळं जुळून आलं होतं. आणि नेमकं त्याच संध्याकाळी कार्डवाल्या बँकेतून एका अतिशय गोड आवाजाच्या बाईंचा फोन आला. "सर, आपली कुठे काही ठेव वगैरे असेल ना, ती मोडून टाका. डोक्याला ताप राहणार नाही."

साहेब ताडकन उठले. फोन ठेवून वहिनींना म्हणाले, "काय वाटेल ते होवो, तुझ्या गुडघ्याला मी हात लावू देणार नाही!"

"लावूच नका," वहिनी म्हणाल्या. "दुखतो."

रविवारची ती सोफ्यावरची घोषणा अशी जन्माला आली. साहेबांनी ठरवलं, की जगात कर्ज व्यवस्थापन नावाची एक शास्त्रीय गोष्ट आहे, तिच्या योजना असतात, त्या चालवणाऱ्या संस्था असतात. तेव्हा आपल्या परिस्थितीला साजेशी योजना निवडायची आणि तीस तारखेच्या आत निवडायची. ठेव जशीच्या तशी दवाखान्यात गेली पाहिजे. उद्देश इतका स्वच्छ होता, की कुठल्याही सामान्य माणसाने दोन ठिकाणी चौकशी केली असती आणि एक योजना घेतली असती. साहेबांनी फाईल उघडली.

फाईलवर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'विषय : कर्जमुक्ती योजना मागविणेबाबत'. आत अटी व शर्ती, एकूण चौदा. मोहोरबंद पाकिटात दर द्यावेत. अनामत रक्कम जोडावी. किमान तीन वर्षांचा अनुभव असावा. निविदाकारास पाकिटं उघडतेवेळी हजर राहता येईल. बिस्किटांच्या जुन्या डब्याला वरून चीर पाडून निविदापेटी तयार झाली आणि फ्रिजवर बसली. बाजारातून लाख आणली, मेणबत्त्या आणल्या, लिफाफे आणले.

"अहो, शर्टाचं बटण तुटलंय तुमचं, ऑफिसला तसेच जाताय," वहिनी म्हणाल्या.

"मग लाव."

"सापडलं की लावते."

साहेब त्या वेळी अट क्रमांक अकरामध्ये गुंतले होते, म्हणून त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मोठी माणसं इतिहासात अशा क्षुल्लक क्षणीच फसलेली आहेत.

तळमजल्यावर विमाकाका राहत. छत्तीस वर्षं विम्याचे एजंट होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी समोरच्याची नाडी पाहिल्यासारखी वयाची चौकशी केल्याशिवाय त्यांच्याने बोलवत नसे. ते वर आले, पेटीच्या चिरेत बोट घालून पाहिलं, ते अडकलं, वहिनींनी साबण लावून सोडवलं.

"साहेब, तुमचं चुकतंय कुठे सांगू? तुम्ही कर्जाचा विचार करताय. विचार मृत्यूचा करा."

"काका, सकाळी सकाळी?"

"वय किती तुमचं? छप्पन्न. बघा, मोठी पॉलिसी घ्या. तुमच्यामागे वहिनी एका क्षणात कर्जमुक्त!"

"आणि मी?"

"तुम्ही तर त्याच्याही आधी मुक्त."

साहेबांनी ही सूचना 'नोंद घेतली' असा शेरा मारून फाईलला लावली.

पहिली संस्था चपलांच्या दुकानाच्या वर होती. पाटीवर एक हसरं कुटुंब होतं. त्यांच्यावर कर्ज असल्याचं अजिबात दिसत नव्हतं. आत एक समुपदेशक बाई चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन बसल्या होत्या. दरपत्रक हवं तर आधी नोंदणी, नोंदणीला दीड हजार. साहेबांच्या पाकिटात तेव्हा जेमतेम बसभाडं होतं. त्यांनी थोडा विचार केला आणि नाइलाजाने ते कार्डावर भरले. कर्जातून सुटण्याच्या दिशेने टाकलेलं पहिलं पाऊल कर्जावरच पडलं, पण पाऊल पडलं हे महत्त्वाचं.

"महिन्याचा खर्च सांगा," बाई म्हणाल्या.

साहेबांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. बाईंनी तो वाचला. मग चष्मा वर सरकवून पुन्हा वाचला.

"हे 'किरकोळ' म्हणजे काय? घरभाड्यापेक्षा मोठा आकडा आहे."

"किरकोळ म्हणजे... इतर."

"खाली 'इतर' वेगळं लिहिलंय."

"ते संकीर्ण."

"संकीर्णही लिहिलंय, त्याच्या खाली."

साहेबांनी खिशातून रुमाल काढला. सत्तावीस वर्षांत हजारो पुरवठादारांना त्यांनी असल्या प्रश्नांनी घाम फोडला होता. टेबलाच्या या बाजूला खुर्ची किती टणक असते, ते त्यांना प्रथमच कळत होतं.

"बरं. कर्जं किती?"

"पाच."

"नक्की पाचच? काही लपवू नका हं. माणसं डॉक्टरला आणि आम्हाला अर्धंच सांगतात."

साहेबांच्या डोळ्यांपुढून ते कपाटावरचं खोकं सरकत गेलं. अर्जावर खाली पत्नीची सही लागणार होती.

"पाच," ते म्हणाले. "एकूण तीन लाख अठरा हजार."

दुसऱ्या संस्थेत समुपदेशन नव्हतं, गालिचा होता. तिथे भेटला तो टायवाला. त्याचा टाय इतका घट्ट होता, की त्याचं बोलणं त्यातून गाळून येत असावं. नोंदणी दोन हजार. पुन्हा कार्ड.

"सर, आपला फंडा सिम्पल आहे. हप्ते भरायचे बंद करा."

"बंद?"

"एकदम बंद. बँका घाबरतात सर. चार-सहा महिन्यांनी अर्ध्या रकमेत मिटवायला तयार होतात. मग आम्ही मध्ये पडतो."

"आणि त्या चार-सहा महिन्यांत?"

"त्या काळात तुम्ही मध्ये पडता," टायवाला मोकळेपणाने म्हणाला. "थोडे फोन येतात. पत वगैरे जाते. पण पत पुन्हा येते सर, सात-आठ वर्षांत."

साहेबांना हे पटलं नाही. पण घरी येताना बसमध्ये त्यांच्या मनाने घेतलं, की योजनेची तांत्रिक छाननी करायची तर प्रायोगिक तत्त्वावर एक हप्ता थकवून पाहायला काय हरकत आहे? बँका कितपत घाबरतात, याची फाईलला नोंद तर होईल. त्यांनी सोफ्याचा हप्ता थकवला.

बँका घाबरल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी, ऑफिसात महाव्यवस्थापकांपुढे खुर्च्यांच्या खरेदीची बैठक चालू असताना साहेबांचा फोन वाजला. घाईघाईत बोट भलतीकडे लागलं आणि फोन मोठ्याने बोलू लागला.

"सोफा घेतला ना? बसता ना त्याच्यावर? मग हप्ता का भरला नाही?"

महाव्यवस्थापक तक्त्यावरून नजर न काढता म्हणाले, "उत्तर द्या त्यांना."

साहेब घसा खाकरून, जमेल तेवढ्या अधिकाराने म्हणाले, "प्रकरण विचाराधीन आहे."

"किती दिवस विचार करणार? सोफा उचलून नेऊ का?"

"तसा लेखी प्रस्ताव पाठवा. जावक क्रमांक टाकून."

वसुलीच्या धंद्यात पलीकडच्या माणसाला असं उत्तर बहुधा प्रथमच मिळालं असावं. मग हजाराचा दंड लागल्याचं सांगून त्याने फोन ठेवला. त्या दिवसापासून शाखेत साहेब आले की कुणीतरी अदबीने खुर्ची पुढे करी आणि विचारी, "हिच्यावर बसलात तर चालेल ना साहेब? हिचे पैसे भरलेत."

एवढी मानहानी सोसूनही हाती दोनच दरपत्रकं होती. शहरात असल्या संस्थाच दोन. आणि तीन दरपत्रकांशिवाय तक्ता नाही, तक्त्याशिवाय निवड नाही, आणि निवडीशिवायच तीस तारीख उजाडणार.

"दोन्हीतलं बरं ते घ्या ना," वहिनी म्हणाल्या.

"दोन कागदांची तुलना होत नसते. त्याला भांडण म्हणतात."

"मग तिसरं आलंच नाही तर?"

"मुदतवाढ."

वहिनी टेबलाला धरून उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून जरा थांबल्या आणि आत गेल्या. साहेबांनी तो थांबा पाहिला. त्या संध्याकाळी त्यांनी तक्त्याच्या तिसऱ्या रकान्याकडे बराच वेळ बघितलं. रकाना रिकामा होता आणि गुडघ्याची तारीख दोन आठवड्यांवर आली होती. खोकं उघडावं, सगळं सांगून टाकावं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगण्याची कार्यपद्धती ठरलेली नसल्यामुळे ते राहून गेलं.

आणि एकोणतीस तारखेला, रविवारी सकाळी, साहेबांनी पेटी हलवून पाहिली तर आत तीन पाकिटं वाजली.

साहेबांनी विमाकाकांकडे पाहिलं. काकांना समितीचे सदस्य म्हणून बोलावलं होतं. ते इस्त्रीचा सदरा घालून आले होते.

"काका, सदस्याने स्वतः निविदा भरायची नसते."

"मी कुठे भरली? मी तर फक्त मृत्यूचा विचार करा म्हणालो."

"मी भरली," वहिनी म्हणाल्या आणि सोफ्याच्या कडेला, बहुधा त्या मालकीच्या अर्ध्या बैठकीवर, टेकल्या. "निविदाकाराला हजर राहता येतं ना? अट क्रमांक नऊ."

साहेबांनी तोंड उघडलं. अट क्रमांक नऊ त्यांनीच लिहिली होती. त्यांनी तोंड मिटलं.

तिसऱ्या पाकिटावर लाखेचा गोल शिक्का होता. साहेबांनी तो उजेडात धरला. शिक्क्याच्या मधोमध चार भोकं होती.

"हे माझं बटण आहे!"

"मोहोर हवी म्हणालात. घरात तेवढीच होती."

पहिलं पाकीट उघडलं. दरमहा नऊशे, साठ महिने, नोंदणी धरून पंचावन्न हजार पाचशे. कार्डं बंद, सगळ्या कर्जांचा मिळून एकच हप्ता. तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती : 'आरंभीची रक्कम म्हणून कुटुंबातील मुदत ठेवीतून एक लाख भरणे इष्ट.'

दुसरं उघडलं. एकूण कर्जाच्या पंधरा टक्के, म्हणजे सत्तेचाळीस हजार सातशे, अधिक नोंदणी. सगळे आगाऊ. 'ठेव असल्यास तीतून वळते करता येतील.'

"दोघंही गुडघ्यावरच येऊन थांबलेत," विमाकाका म्हणाले.

साहेबांनी तिसरं पाकीट उघडलं. आत विजेच्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर वहिनींचं टपोरं अक्षर होतं. साहेब समितीपुढे मोठ्याने वाचू लागले, कारण पद्धतच तशी होती.

"'योजनेचा दर : काही नाही. एकूण कर्जं : सहा...'"

ते थांबले.

"पाच ना हो?" काकांनी विचारलं.

"वाचा ना पुढे," वहिनी म्हणाल्या.

"'...एक, सोफा. दोन, फ्रिज. तीन व चार, कार्डं. पाच, पतपेढी. सहा, महामंडळाची गोपनीय दुर्बीण, बाकी बावीस हजार. शिवाय योजना निवडण्याचा खर्च : दोन्ही नोंदण्या साडेतीन हजार, लाख-लिफाफे-बस दोनशे साठ आणि सोफ्यावरचा दंड एक हजार, एकूण चार हजार सातशे साठ.'"

फ्रिज घरघरत होता. तो चालू असल्याचं साहेबांना तेव्हा फार बरं वाटलं. निदान कुणीतरी बोलत होतं.

"तुला... कधीपासून?"

"दुकानात अर्ज भरताना 'अन्य संपर्क' म्हणून माझा नंबर दिलात ना? पहिल्याच महिन्यात दुकानातल्या एका बाईंचा फोन आला. 'दुर्बिणीच्या हप्त्याची आठवण करून द्यायला फोन केला, ताई.' दर महिन्याला करतात. आता माझ्या गुडघ्याचीही चौकशी करतात बिचाऱ्या."

"मग मला बोलली का नाहीस?"

"गोपनीय आहे म्हणालात."

विमाकाका सदऱ्याच्या गुंड्या मोजू लागले. मोजून झाल्यावर त्यांनी दुर्बिणीचा विमा उतरवलाय का, असं हळूच विचारलं. कुणी लक्ष दिलं नाही.

साहेबांना शरम वाटली होती, ती चेहऱ्यावर दिसत होती. पण सत्तावीस वर्षांची सवय शरमेपेक्षा जुनी असते. त्यांनी चष्मा पुसला. "तांत्रिक आक्षेप आहेत. अनामत रक्कम कुठे आहे?"

"बारा वर्षं बँकेत आहे. उद्या पिकतेय."

"तीन वर्षांचा अनुभव?"

"सव्वीस. तुमच्या पगारात."

"प्रमाणपत्र?"

वहिनींनी फक्त त्यांच्याकडे पाहिलं. काका म्हणाले, "मी सही करतो हवं तर. साक्षीदार म्हणून."

"आणि हा... हा चौथा मुद्दा," साहेबांनी कागदावर बोट ठेवलं. "'दोन्ही कार्डांचं देणं एकत्र करून बँक कमी व्याजाच्या एकाच कर्जात बदलून देते, त्याला शुल्क नाही. शाखाधिकाऱ्यांशी बोलणं झालं आहे. तुम्ही सही केलीत की झालं. पतपेढी मुदत वाढवून देते. ठेवीला हात न लावता अडतीस महिन्यांत सगळं फिटतं.' असं कुणी सांगितलं? आपोआप कसं..."

"आपोआप नाही. जाऊन विचारलं. मंगळवारी."

"कुठे जाऊन?"

"कोपऱ्यावर. बँकेत."

बँक पहिल्या मजल्यावर होती. एकोणीस पायऱ्या होत्या, लिफ्ट नव्हती. पायऱ्या त्यांना पाठ होत्या, कारण दुर्बिणीतून त्यांनी त्या मोजल्या होत्या. त्या मंगळवारी ते स्वतः कुठे होते, तेही त्यांना आठवलं : दुकानात, दोन प्रकारच्या लाखेचे दर विचारत.

"चढलीस?"

"बसत बसत चढले. उतरताना जास्त दुखलं."

साहेबांनी कागद खाली ठेवला. मग उचलला. मग काय करावं ते न सुचून त्यांनी फाईल पुढे ओढली आणि पट्टीने तिसऱ्या रकान्याखाली ठळक रेघ मारली. एक शेवटचा प्रयत्न म्हणून ते पुटपुटले, "फेरनिविदा काढता आली असती खरं म्हणजे..."

"कारण नमूद करावं लागतं," वहिनी म्हणाल्या. "काय लिहिणार?"

काय लिहिणार? 'सर्वांत कमी दर देणारी निविदाकार अधिकाऱ्याची पत्नी असल्यामुळे'? साहेबांनी पेन झटकलं आणि सुवाच्य अक्षरात शेरा लिहिला : 'सर्वांत कमी दराची निविदा सर्व अटींसह मंजूर.' खाली सही केली. काकांनीही केली आणि तारखेपुढे सवयीने आपला जुना एजंट क्रमांक टाकला.

सर्व अटी साहेबांनी नंतर वाचल्या, हेही त्यांच्या कारकिर्दीत प्रथमच घडलं. अट पाच : पगार निविदाकाराकडे जमा करावा. अट सहा : रोजच्या खर्चासाठी लेखी मागणी करावी, 'किरकोळ', 'इतर' आणि 'संकीर्ण' हे शब्द अग्राह्य. अट सात : सोफा परत करू नये, भाषणं कुठून करणार? अट आठ : दुर्बीण विकावी; योग्य गिऱ्हाईक मिळेपर्यंत घरच्या कामात वापरावी.

सोमवारी ठेव पिकली आणि साहेबांनी दोन सह्या केल्या, एक ठेवीच्या कागदावर, एक नव्या कर्जाच्या. पायऱ्या ते एकटेच चढले. त्यानंतर रोज सकाळी दारात चिठ्ठी घेऊन उभं राहणं त्यांच्या स्वाभिमानाला फार लागलं. पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'चहा : दोन कप'. वहिनींनी चिठ्ठी परत केली. वर शेरा होता, 'तीन टपऱ्यांचे दर जोडावेत.' साहेब दोन मिनिटं तसेच उभे होते. मग आतून हसू ऐकू आलं आणि नोट मिळाली. ऑफिसात त्यांनी ही चिठ्ठी कुणाला दाखवली नाही. मात्र खुर्च्यांची खरेदी त्या आठवड्यात एकाच बैठकीत संपली, असं म्हणतात.

बारा तारखेला गुडघ्याचं काम झालं आणि चांगलं झालं. डॉक्टरांनी महिनाभर जिना उतरायचा नाही म्हणून सांगितलं. वहिनी गॅलरीत, पाय स्टुलावर टाकून बसू लागल्या. दुर्बिणीला गिऱ्हाईक मिळेना. एक आला होता, तो किमतीचा पाव भाग द्यायला तयार झाला आणि वर खोकं फुकट मागू लागला. साहेबांनी त्याला बाकीची दोन दरपत्रकं आणायला सांगितलं, तेव्हा तो गेला तो गेलाच.

नव्या कर्जाचा पहिला हप्ता भरायच्या दिवशी साहेबांनी रजा काढली. अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला. आता त्याला सगळी बटणं होती. एकावर मात्र कडेला थोडी लाख चिकटलेली होती. वहिनींनी मोजून दिलेले पैसे त्यांनी वरच्या खिशात ठेवले आणि गॅलरीच्या दारात उभं राहून जरा छाती पुढे काढली.

"हे बघ," ते म्हणाले, "आज या घराच्या आर्थिक इतिहासातलं एक नवं पर्व सुरू होतंय. कर्जाच्या अंधारातून आपण..."

"अहो," वहिनी म्हणाल्या, "निघायच्या आधी जरा दुर्बीण लावा ना. बँकेत रांग किती आहे ते बघा."

साहेब काही क्षण पर्वासकट तसेच थांबले. मग त्यांनी खुर्ची ओढली, कपाटावरून खोकं उतरवलं, तिपाई उभी केली, भिंग फुंकरून पुसलं आणि एक डोळा मिटून, अतिशय गंभीरपणे, ते त्या फटीतून पाहू लागले.

"अकरा जण. पहिल्याने आकडा चुकवलाय. खोडतोय."

"मग बसा थोडं," वहिनी म्हणाल्या. "तीन उरले की सांगा. आणि तोवर तेवढ्या शेंगा सोलून द्या."